दिवा कुणाच्या नावावर

वाचनालय उघडलं की केतकी ढवण आधी खिडक्या उघडायची, मग वर्तमानपत्रं टेबलावर लावायची आणि सगळ्यात शेवटी संगणक सुरू करायची. त्या मंगळवारी संगणकाच्या पडद्यावर एक पिवळी पट्टी होती. पट्टीवर नाव नव्हतं. एक सभासद क्रमांक होता आणि त्याखाली लिहिलं होतं: ‘वाचनातील बदल लक्षणीय. स्मृतिभ्रंशाच्या पूर्वतपासणीची शिफारस करावी.’

नाव बघायचं असेल तर ग्रंथपालाने वेगळा परवलीचा शब्द द्यायचा आणि कारण नोंदवायचं, असा नियम होता. केतकीला त्याची गरज पडली नाही. ते कार्ड तिनेच केलं होतं. क्रमांक तिच्या आईचा होता.

तिने क्रमांक पुन्हा एकदा वाचला. मग एक आजोबा राशिभविष्याचं पान मागायला आले, तेव्हा तिने पडदा बंद केला.

बार्शीच्या लोकमित्र वाचनालयात वाचनदिवे आले ते त्या वर्षीच्या दिवाळी अंकांबरोबर. दिवाळी अंकांची योजना जुनीच. हंगामापुरती वेगळी वर्गणी भरायची आणि होळीपर्यंत सगळे अंक आळीपाळीने घरी न्यायचे. त्या वर्षी साठीपुढच्या सभासदांना अंकासोबत दिवाही घरी न्यायला मिळू लागला. कार्ड खाचेत घातलं की दिवा लागायचा. वाचणाऱ्याचा डोळा एखाद्या ओळीवर अडखळला की तेवढी ओळ उजळायची, आणि फारच अडखळू लागला की दिव्याच्या मानेवरचा हिरवा ठिपका पिवळा व्हायचा. अवघड शब्दावर बोट ठेवलं की दिवा हळू आवाजात अर्थ सांगायचा. म्हाताऱ्या मंडळींनी दिवे डोक्यावर घेतले.

दिव्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. वाचताना डोळे ओळीवरून सरकत जातात असं आपल्याला वाटतं, पण ते उड्या मारत जातात. एका शब्दावर साधारण पाव सेकंद टेकतात, मग पुढची उडी घेतात. पुढे कोणता शब्द येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो, आणि अंदाज पक्का असेल तर डोळा त्या शब्दावर टेकतही नाही. ‘दारावरची बेल’ एवढं वाचलं की ‘वाजली’ हे न बघताच वाचून होतं. अर्थ लागला नाही तर डोळा मागे येतो. दिव्याच्या मानेत अवरक्त प्रकाशाचा एक बारीक स्रोत असतो. डोळ्यावरून परतणाऱ्या त्याच्या ठिपक्यावरून प्रत्येक उडी कुठून निघाली आणि कुठे टेकली हे मोजता येतं.

या उड्यांतून ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट कळली. स्मृतिभ्रंश सुरू होतो तेव्हा माणूस बोलण्यावागण्यात नेहमीसारखाच असतो, पण पुढचा शब्द ओळखण्याची मेंदूची ताकद आधीच उतरणीला लागलेली असते. डोळे प्रत्येक शब्दावर टेकू लागतात, जास्त वेळ थांबतात, पुन्हा पुन्हा मागे येतात. डॉक्टरांच्या चाचणीत काही दिसण्याच्या कितीतरी आधी ते डोळ्यांत दिसतं, आणि नवी औषधं लागू पडतात ती याच काळात. म्हणून आरोग्य खात्याने दिवे वाचनालयांना दिले. माणसं दवाखान्यात आजारी पडल्यावर जातात, वाचनालयात मात्र धडधाकट असताना येतात.

दिवे येण्याआधी केतकीला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत ती पुस्तकांचं वर्गीकरण आणि सूची करणं शिकली होती. इथे शिकवत होते ते पुरवठादाराच्या करारातली कलमं वाचणं, माहिती कुठून येते आणि कुठे जाते ते शोधणं, वाचकाची संमती घेणं. बरोबरचे काही ग्रंथपाल चहाच्या सुट्टीत म्हणाले, “हे आपलं काम आहे का?” केतकीलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी ती करारावर पेन्सिलीने खुणा करत बसली होती. परत आल्यावर तिने समितीशी भांडून दोन अटी घालून घेतल्या. दिव्याने कुणाचा चेहरा साठवायचा नाही; उड्यांचे आकडे तेवढे कार्डावर जमा करायचे. आणि त्या आकड्यांचा तपशील वाचकाच्या परवानगीशिवाय कुणी, अगदी ग्रंथपालानेही, उघडायचा नाही.

आता त्या तपशिलावर तिच्याच अटीचं कुलूप होतं.

दुपारी समितीचे अध्यक्ष शिरसट सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, मनाने चांगले, पण वाचनालयाचं नाव जिल्ह्यात व्हावं याची त्यांना फार घाई.

“पट्टी आली म्हणे!” ते दारातूनच म्हणाले. “मला मेसेज आला. आपल्या जिल्ह्यातली पहिली!”

“सर, हळू बोला. वाचक बसलेत.”

“हो, हो.” त्यांनी खुर्ची ओढली. “कोण आहे ते मला सांगू नका, नियम आहे. पण शनिवारी आरोग्य अधिकारी येतायत. त्याआधी शिफारस पाठवून द्या. म्हणजे त्यांना सांगता येईल, बघा, आमच्या वाचनालयाने एका माणसाला वेळेत वाचवलं.”

“अजून काही सिद्ध झालेलं नाही सर.”

“ते डॉक्टर बघतील की. आपण काय, नुसतं बटण दाबायचं.”

बटणं दोन होती. ‘शिफारस पाठवा’ आणि ‘शिफारस रद्द करा (कारण लिहा)’. पहिलं दाबलं की नाव आरोग्य केंद्राकडे जाणार, केंद्र घरी कळवणार आणि तपासण्या संपेपर्यंत त्या व्यक्तीचा वाहन परवाना थांबवला जाणार. केतकीची आई, उज्ज्वला, अजून स्कूटर चालवायची. मंडईत, बँकेत, मैत्रिणीकडे, सगळीकडे स्कूटरवर. स्कूटर गेली तर आई घरात किती दिवस टिकेल, याचा विचार केतकीने बाजूला सारला. दुसरं बटण दाबावं, तर लिहायला कारण नव्हतं. आणि आजार खरा असेल तर औषध लागू पडायचे दिवस तिच्याच हाताने वाया जाणार होते.

“शनिवारपर्यंत बघते,” ती म्हणाली.

उज्ज्वलाबाईंनी सगळी नोकरी बार्शीच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत केली होती. कोणती गाडी कुठून निघते, कुठे थांबते, कुठल्या फाट्यावर थांबत नाही, सगळं तोंडपाठ. लोक वेळापत्रकाच्या फळ्याकडे न बघता खिडकीत डोकं घालायचे. आठवण हीच त्यांची नोकरी होती.

संध्याकाळी भाजी निवडताना केतकीने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, तुळजापूरची पहिली गाडी किती वाजता गं?”

“मी खिडकीत होते तेव्हाची, का आताची?”

“आताची.”

“आताची मला काय माहीत? मोबाइलवर बघ. आणि कशाला जातेस तुळजापूरला?”

“नाही, असंच.”

“असंच कुणी तुळजापूरची गाडी विचारतं का?” आईने मेथीची जुडी तिच्याकडे सरकवली. “निवड. हात चालू दे.”

उत्तर बरोबर की चूक, हे केतकीला ठरवता येईना. थोड्या वेळाने तिने पुन्हा सुरुवात केली.

“दिवा कुठंय आई? टेबलावर दिसत नाही.”

आईचे हात क्षणभर थांबले. “असेल की.”

“कुठे?”

“अगं, ठेवला असेल कुठेतरी. आठवत नाही आता.”

आईच्या तोंडून ‘आठवत नाही’ हे शब्द तिने कधी ऐकलेच नव्हते.

बुधवारी दिवा टेबलावर होता. संध्याकाळी पुन्हा नव्हता. “काल कोणता अंक वाचलास?” या प्रश्नावर आई म्हणाली, “तो आपला, निळ्या मुखपृष्ठाचा.” केतकीने मुद्दाम त्यातल्या एका कथेबद्दल विचारलं. आई म्हणाली, “ती नाही वाचली.” पण दिवा त्या अंकाच्या शेवटच्या पानापर्यंत लागलेला होता. एवढं तर कार्डाच्या नेहमीच्या नोंदीतही दिसत होतं.

दोन दिवसांत घरातली हवा बदलली. आईने गॅस लावला की केतकी उठून बघून यायची. आई फोनवर बोलायला लागली की ती वर्तमानपत्राआडून ऐकायची. एकच गोष्ट दोनदा सांगितली का? नाव चुकलं का? आई पूर्वीही एक गोष्ट दोनदा सांगायची, शेजारच्या भिसेकाकूंना सांगितलेली पुन्हा केतकीला सांगायची. पण आता त्या प्रत्येक दुसऱ्या वेळेला वजन आलं होतं.

गुरुवारी सकाळी केतकीने स्कूटरची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि कामावर गेली. अकराच्या सुमारास आईचा फोन आला.

“केतकी, किल्ली बघितलीस का गं? नेहमीच्या खिळ्यावर नाही.”

“नाही,” केतकी म्हणाली. “तूच कुठेतरी ठेवली असशील.”

“तसंच असेल,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. “बघते परत.”

फोन ठेवल्यावर केतकीला आपण काय केलं ते कळलं. यंत्राने तिला आईबद्दल शंका घ्यायला लावली होती, आणि आता आईला स्वतःबद्दल शंका येईल अशी व्यवस्था तिने स्वतः केली होती. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली, किल्ली खिळ्याखालच्या चपलांमध्ये ठेवली आणि “अगं, ही बघ, खाली पडली होती,” असं म्हणाली. आईने किल्ली हातात घेऊन ती उलटीसुलटी करून पाहिली.

“चपलांमध्ये मी दोनदा बघितलं होतं,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी केतकीने दिवे पुरवणाऱ्या कंपनीत फोन लावला. सौमित्र नावाचा अभियंता बोलायला आला. आवाजावरून तरुण, आणि प्रश्न विचारले की खूश होणारा.

“मॅडम, आमचा दिवा आजार असलेल्या शंभरातल्या नव्वदजणांना ओळखतो. फार चांगला आकडा आहे.”

“आणि आजार नसलेल्यांना?”

“शंभरातले पाच चुकून पकडले जातात.”

“मग हजार वाचक धरा,” केतकीने कागद ओढला. “आमच्या वयोगटात त्यातल्या वीसजणांना आजार आहे असं धरू. तुमचा दिवा अठरा पकडेल. उरले नऊशे ऐंशी निरोगी. त्यांच्यातले शंभराला पाच म्हणजे एकोणपन्नास. पट्ट्या सदुसष्ट आणि खरे आजारी अठरा.”

“हो... म्हणजे, बरोबर आहे.”

“म्हणजे चारातल्या तीन पट्ट्या खोट्या.”

“खोट्या नका म्हणू मॅडम. प्राथमिक म्हणा.” तो हसला. “पण तुम्ही हिशेब भारी केलात. बाकीचे ग्रंथपाल फक्त विचारतात, बटण कुठंय.”

केतकीला बरं वाटलं, ते फोन संपेपर्यंतही टिकलं नाही. चारातल्या तीन खोट्या, पण चौथी? हजार माणसांसाठी हा हिशेब ठीक होता. तिच्या घरात माणूस एकच होतं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “हा दिवा तुम्ही कुणावर शिकवलात?”

“पाच शहरांतले ज्येष्ठ नागरिक. सगळे मराठी वाचणारे. प्रयोगशाळेत बोलावून वाचायला बसवलं होतं.”

“एका दिव्याखाली एकच माणूस?”

“अर्थात. एक कार्ड, एक माणूस. दुसरं कसं असेल?”

केतकीने पेन खाली ठेवलं. तिला एसटी स्टँडमागची त्यांची सोसायटी दिसली. तिथे एका घरात आलेलं वर्तमानपत्र चार घरं फिरायचं. लोणच्याची बरणी, इस्त्री, शिडी, सगळं फिरायचं. आणि दिवाळी अंकांची वर्गणी? ती लहान असताना तर संपूर्ण जिन्यात मिळून एकच वर्गणी असायची.

“मॅडम? आहात ना?”

“आहे. तपशील उघडला तर दोन वेगळे वाचणारे ओळखू येतील?”

“नक्की येतील. प्रत्येकाच्या डोळ्यांची चाल वेगळी असते, अक्षरासारखी. पण आत्ता यंत्र सगळ्याची सरासरी काढतं. आणि तपशील उघडायला वाचकाची परवानगी हवी. ती अट तुमच्याच वाचनालयाने घातलीय.”

“मला माहीत आहे,” केतकी म्हणाली. “ती अट मीच घातलीय.”

म्हणजे आईला विचारावं लागणार होतं. आणि विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं. चार दिवस ती जे टाळत होती ते हेच.

संध्याकाळी आई चहा गाळत होती. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. पट्टी, डोळ्यांच्या उड्या, शिफारस, परवाना. शेवटी किल्लीचंही सांगितलं.

आईने गाळणं खाली ठेवलं.

“म्हणजे मंगळवारपासून तू माझी परीक्षा घेतेयस.”

“आई, मला भीती वाटली.”

“आणि किल्ली तू घेतलीस.” आईचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. “काल तू येईपर्यंत मी पलंगावर बसून होते, माहितेय तुला? एसटीच्या सगळ्या गाड्या म्हणून बघितल्या. सोलापूर, कुर्डुवाडी, भूम, परांडा. मनातल्या मनात. म्हटलं, कुठे अडतंय का बघू.”

“अडलं?” केतकीने विचारलं.

“एक गाडी नाही अडली!” आई म्हणाली, आणि मग तिला स्वतःलाच हसू आलं. ते तिने लगेच आवरलं. “हसतेय म्हणून माफ केलं असं समजू नकोस.”

“नाही समजत. पण आई, मग दिवा कुठे असतो? विचारलं की आठवत नाही म्हणतेस.”

आई एकदम कपबशा पुसू लागली.

“आई.”

“अगं, तूच ना ती नियमवाली! ‘दिवा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही’, कागदावर सही घेतलीस माझी. स्वतःच्या आईची! मग सांगू कसं तुला? म्हटलं आठवत नाही. सोपं पडतं.”

केतकी दाराच्या चौकटीला टेकली. गेल्या चार दिवसांतली सगळी लक्षणं तिच्यासमोरून एकेक करून उठून गेली. निळ्या मुखपृष्ठाचा अंक. न वाचलेली कथा. टेबलावरून नाहीसा होणारा दिवा.

“कुणाला देतेस?”

“चल वर,” आई म्हणाली. “चहा घेऊन चल. तीन कप भर.”

वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेऊन सस्मिता राहत होती. ती ओडिशाची, गावातल्या एका खाजगी दवाखान्यात परिचारिका, नवरा गोदामात. केतकी जिन्यात तिच्याकडे बघून हसायची, त्यापलीकडे ओळख नव्हती. दार उघडंच होतं. सस्मिता जमिनीवर मांडी घालून बसली होती, समोर निळ्या मुखपृष्ठाचा दिवाळी अंक, आणि त्यावर वाकलेला वाचनालयाचा दिवा. ती बोटाने ओळ धरून एकेक शब्द जुळवत होती. पलीकडे खुर्चीत भिसेकाकू मान टाकून झोपल्या होत्या.

केतकीला बघून सस्मिता ताडकन उठली आणि अंक पाठीमागे धरला.

“ताई, दिवा मी परत देणारच होते. मावशींची काही चूक नाही.”

“बस गं,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “पकडले गेलो आपण. चहा घे.”

मग सगळं बाहेर आलं. सस्मिताला मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. तिची लिपी वेगळी. दवाखान्यात रुग्णाचे नातेवाईक चिठ्ठी लिहून द्यायचे, काय खातो, रात्री काय झालं, आणि ती चिठ्ठी तिला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागायची. “सगळे चांगले आहेत,” ती म्हणाली, “पण प्रत्येक वेळी विचारायला लाज वाटते.” दिवाळीत उज्ज्वलाबाईंनी तिला एक अंक दिला. सोबत दिवा दिला, कारण बोट ठेवलं की तो शब्द वाचून दाखवायचा, न कंटाळता, कितीही वेळा. दुपारी भिसेकाकू वाचायच्या, म्हणजे दोन पानं वाचून झोपायच्या. संध्याकाळी सस्मिता. उज्ज्वलाबाईंच्या वाट्याला दिवा येईपर्यंत बऱ्याचदा त्या दिव्याशिवायच वाचून मोकळ्या झालेल्या असायच्या.

“मग वाचनालयात कार्ड का नाही काढलं?” केतकीने विचारलं.

“आले होते, ताई. तुम्ही नव्हता तेव्हा. पत्त्याचा पुरावा मागितला. घरमालक करार करून देत नाही.”

तो नियम खूप जुना होता. तो कुणी केला हे केतकीला माहीत नव्हतं, आणि तिनेही तो कधी तपासून पाहिला नव्हता.

भिसेकाकू जाग्या झाल्या, केतकीकडे पाहून म्हणाल्या, “आली का ही? मी कुणाला सांगितलं नाही हं, उज्ज्वला,” आणि त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. तो त्यांच्या नाकावरच होता. सगळ्या एकदम हसल्या, आणि हसता हसता केतकीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. आईने पदर पुढे केला नाही. पण चहाचा कप तिच्या हातात नीट दिला.

तिथेच, जमिनीवर बसून, केतकीने फोनवर संमतीचं पान उघडलं आणि तिघींना वाचून दाखवलं. काय दिसेल, कुणाला दिसेल, नंतर पुसता येईल का. आईने मध्येच विचारलं, “मी नाही म्हटलं तर?”

“तर मी बघणार नाही. शनिवारी समितीला सांगेन की मला ठरवता येत नाही.”

“खरंच?”

“खरंच.”

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग अंगठा टेकवला. मागोमाग सस्मिताने आणि भिसेकाकूंनी आपापली परवानगी दिली.

दिवाळीपासूनच्या उड्या पडद्यावर ठिपक्यांसारख्या उमटल्या. सौमित्र म्हणाला होता तसंच झालं. एकाच कार्डावर तीन चाली दिसत होत्या. पहिली लांब लांब उड्यांची, सरळ पुढे जाणारी, अपेक्षित शब्दांना ओलांडून जाणारी. दिवाळीतही तशीच, आताही तशीच. तिच्याखाली एकही पिवळा ठिपका नव्हता.

“ही तू,” केतकी म्हणाली.

“फार घाईने वाचते वाटतं मी.”

“तू नेहमीच घाईने वाचतेस.”

दुसरी चाल चांगली सुरू होऊन एका पानानंतर मंदावत शून्यावर यायची. त्या भिसेकाकू. तिसरी चाल लहान उड्यांची होती. प्रत्येक शब्दावर थांबा, दर शब्दाला मागे. यंत्र धोक्याची म्हणून जी खूण शिकलं होतं ती अगदी हीच. दिवस जातील तसे संध्याकाळचे तास वाढत गेले, सस्मिताचा वाटा मोठा झाला, सरासरी खाली आली, आणि एके दिवशी पट्टी पिवळी झाली.

पण केतकीने तारखा लावून ती तिसरी चाल एकटी बघितली, तेव्हा तिला आणखी काहीतरी दिसलं. थांबे आखूड होत होते. मागे येणं कमी होत होतं. गेल्या आठवड्यात एका ओळीत डोळा पहिल्यांदाच एका शब्दावर न टेकता पुढे गेला होता. भाषा हातातून सुटू लागलेला माणूस आणि भाषा हाताशी धरू लागलेला माणूस एकाच पायरीवर भेटले, तर दोघांचे थांबे सारखेच दिसतात. एक उतरतोय आणि एक चढतोय, हे एका दिवसाच्या आकड्यात कळत नाही. त्यासाठी कालचा आकडा लागतो, आणि तो कुणाचा होता हे माहीत असावं लागतं.

“हे माझे डोळे?” सस्मिताने विचारलं.

“हो. हा बघ, इथे तू एक शब्द न बघताच वाचलास.”

“कोणता?”

केतकीने पान जुळवून पाहिलं. वाक्य होतं, ‘पाहुणे आले आणि तिने चहा ठेवला.’ डोळा ‘चहा’ ओलांडून थेट ‘ठेवला’वर टेकला होता.

“बरोबरच आहे,” सस्मिता म्हणाली. “तुमच्याकडे पाहुणे आले की आणखी काय होणार?”

शनिवारी आरोग्य अधिकाऱ्यांसमोर केतकीने पट्टी रद्द केली. कारणाच्या चौकटीत तिने लिहिलं: ‘कार्ड एक, वाचक तीन. मूळ सभासदाचं वाचन उत्तम.’ शिरसट सरांचा चेहरा आधी उतरला.

“म्हणजे कुणी सापडलंच नाही?”

“सापडलं की सर. एक नवी वाचक सापडली.”

आरोग्य अधिकारी शहाण्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, “इतर वाचनालयांतही हेच होत असेल का?”

“अंक फिरतात तिथे दिवाही फिरणार,” केतकी म्हणाली. “चोरून फिरेल, कारण आम्ही नियम तसा केलाय. त्यापेक्षा दिव्यावर एक बटण द्या, आज वाचणारा कोण, पहिला, दुसरा का तिसरा. नावं नकोत. आणि पट्टी आली तर ती आधी वाचकाला दिसू दे. मला नंतर, त्याने दाखवली तर.”

“ग्रंथपालाला नको?”

“मला चार दिवस आधी दिसली होती,” केतकी म्हणाली. “त्या चार दिवसांत मी काही चांगलं केलं नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. पत्त्याच्या पुराव्याचा नियम समितीने त्याच बैठकीत काढला. तो का होता ते कुणालाच सांगता आलं नाही. शिरसट सर तोवर सावरले होते आणि ‘परप्रांतीय भगिनींसाठी मराठी वाचनवर्ग’ असा फलक कुठे लावावा, याचा विचार करू लागले होते.

रविवारी सकाळी आई आंघोळ करून, केस बांधून टेबलाशी बसली. समोर दिवा होता, खाचेत कार्ड.

“आता मी एकटी वाचते. तुझ्या समोर. म्हणजे परत शंका नको.”

“आई, गरज नाही. दिसलंय सगळं.”

“मला आहे गरज. पलंगावर गाड्या म्हणत बसले होते मी.”

तिने एक कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, मध्ये दोनदा हसली आणि एकदा लेखकाला नावं ठेवली. दिव्याच्या मानेवरचा ठिपका हिरवा राहिला. आईने अंक मिटला, पाठ ताठ केली आणि मग खुर्ची मागे सरकवली.

“आता तू बस.”

“मी कशाला?”

“तुला साठ लागतील तोवर थांबू का? बस.”

केतकी बसली. कथा चांगली होती. पण समोर आई स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभी होती, मंडईत जायच्या तयारीत, पिशवी खांद्याला, आणि केतकीची नजर दर ओळीला पानावरून उठून तिच्याकडे जात होती. पान संपायच्या आत दिव्याचा ठिपका पिवळा झाला.

आई वाकून बघत म्हणाली, “अरे देवा. हिचं काही खरं नाही.”

आणि जिना उतरताना ती मोठ्याने गाड्या म्हणत गेली, सोलापूर, कुर्डुवाडी, भूम, परांडा, मुलीला ऐकू येईल अशा आवाजात.